मूळ आणि अस्सल

मामांच्या पश्चात त्यांचे कपाट आवरताना, विजेच्या जुन्या बिलांच्या गठ्ठ्यामागे आम्हांला तपकिरीची एक पितळी डबी सापडली. मामांना तपकिरीचे व्यसन नव्हते. डबीत कापसावर जपून ठेवलेली, बोटभर लांबीची धातूची एक पट्टी होती. तिच्या दोन्ही टोकांना रिवेटची भोके होती आणि मध्ये ठशांनी उमटवलेली काही अक्षरे व आकडे. "ती गाडीची आहे," मामी म्हणाल्या. "जुनं इंजिन मोडलं तेव्हा ह्यांनी काढून ठेवली होती. का ते मला कधी कळलं नाही."

का ते पुढे सर्वांनाच कळले. २०२३ च्या पावसाळ्यात सुमारे पंधरा दिवस असे गेले, की मामांच्या अडीच महिन्यांच्या श्रमांपेक्षा या पट्टीचे मोल कितीतरी अधिक आहे असे आम्हांला पटवून देण्यात येत होते. आणि खरे सांगायचे तर एक संपूर्ण रात्र ते आम्हांलाही पटले होते. 'मूळ संहिता', 'प्रक्षेप', 'पाठभेद' हे शब्द आम्ही वर्गात तीस वर्षे उच्चारीत आलो. त्या शब्दांना बाजारात काय भाव असतो, हे मात्र आम्हांला चिंचवडगावातल्या एका पत्र्याच्या शेडखाली समजले.

मामा पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्या दशकात पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेची ज्वारीची राने पाहता पाहता यंत्रशाळांची झाली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका. या दोन तारखांच्या दरम्यान आमच्या मातुल घराण्यातील एक शेतकऱ्याचा मुलगा हजारांश इंचाच्या हिशेबात विचार करू लागला. आमच्या मते औद्योगिकीकरण या भल्यामोठ्या शब्दाचा घरगुती अर्थ एवढाच आहे.

१९७१ साली मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी तंत्रज्ञाकडून मामांनी एक दोन आसनी, लाल रंगाची, छप्पर मागे दुमडता येणारी गाडी विकत घेतली. ती १९५७ ची एमजीए होती. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी या गाड्या जुळवल्या जात. १९५५ ते १९६२ या काळात एमजीए एक लाखाहून थोड्या अधिक निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. मामांना ती स्कूटरच्या किमतीत मिळाली. आणि स्कूटरसाठी त्या वेळी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. त्यामुळे हा व्यवहार वेडेपणाचा होता की शहाणपणाचा, यावर आमच्या घरात एकमत कधीच झाले नाही. दोनच आसने असल्याने मामींना नेले तर आजी राहत आणि आजींना नेले तर मामी, ही तक्रार तेवढी दोन्ही पक्षांना मान्य होती.

१९७४ च्या मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात त्या गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकची कूस फोडून बाहेर आला. मोटारीचे यंत्र ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगायचे तर, ब्लॉक म्हणजे इंजिनाचे धड. पिस्टन, क्रँक, झडपा हे अवयव बदलता येतात. पण धडालाच भगदाड पडले की ते इंजिन संपले. विलायतेतून दुसरे मागवण्याचा प्रश्नच नव्हता. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, येथे प्रत्यक्ष उत्पादन न करणाऱ्या मोटार कंपन्यांना या देशात जागा उरली नव्हती. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना त्याच सुमारास बंद केला. परदेशी गाड्या राहिल्या आणि त्यांचे सुटे भाग मात्र सरकारी परवान्याच्या पलीकडे गेले. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत या देशातील जुन्या विलायती गाड्यांत जी जी इंजिने बसली, ती हौसेपेक्षा नाइलाजाने बसली.

मामांना अपघातात चिरडलेल्या एका अँबेसेडर टॅक्सीचे इंजिन मिळाले, आणि येथे एक गंमत आहे. ऑस्टिन आणि मॉरिस या कंपन्या १९५२ मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. तिच्या इंजिनांपैकी एका कुळाचे नाव 'बी सीरीज' होते. त्या कुळातले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन एमजीएमध्ये बसले. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला जी अँबेसेडर घडू लागली, तिलाही काही काळाने त्याच कुळातले, त्याच मापाचे इंजिन लाभले. एक भाऊ शर्यतीच्या मैदानावर गेला आणि दुसरा सरकारी कचेरीच्या पोर्चमध्ये उभा राहिला, इतकाच फरक. एमजीला दोन कार्ब्युरेटर आणि सुमारे सत्तर अश्वशक्ती. अँबेसेडरला एक कार्ब्युरेटर आणि सुमारे पन्नास.

मामांनी अडीच महिने खपून त्या चुलतभावाला घरात घेतले. दुसरी पाळी संपवून आल्यावर रात्री, आणि सुट्टीच्या गुरुवारी दिवसभर. एमजीचे हेड, दोन्ही कार्ब्युरेटर, तेलाचा संप आणि गिअरबॉक्सला जोडणारी मागची प्लेट त्यांनी जुन्या इंजिनावरून काढून नव्या ब्लॉकवर चढवली. जेथे भोके जुळली नाहीत तेथे नवी पाडली. हे सर्व त्यांनी एका शंभर पानी वहीत मापांसह लिहून ठेवले आहे. तिच्यात विशेषण औषधालाही सापडत नाही. इतके नितळ गद्य आम्हांला लिहिता आले असते तर आमचे विद्यार्थी अधिक सुखी झाले असते. गाडी पूर्वीपेक्षा किंचित मंद, पण कुरकुर न करता चालू लागली. मामांनी परिवहन कार्यालयात रीतसर अर्ज केला. नोंदणीच्या पुस्तकात जुन्या इंजिनाचा क्रमांक एका रेघेने खोडून त्याच्या शेजारी नवा लिहिला गेला, आणि त्यावर सही-शिक्का झाला. खोडलेला आकडा आजही स्वच्छ वाचता येतो.

मामा २०२२ साली गेले. मामींचे दोन्ही गुडघे निकामी झाले होते. मामेभाऊ चाकणच्या एका कारखान्यात इंजिनांच्या जुळणीवर पर्यवेक्षक आहे आणि मोशीच्या सदनिकेचे हप्ते त्याच्या मानेवर आहेत. गाडी विकावी असे ठरले. कागदपत्रे वाचण्याचे काम घरातला मास्तर म्हणून आमच्याकडे आले.

एका संग्राहकाच्या वतीने आलेला दलाल वयस्क आणि जाणकार होता. आधी त्याने चॅसिसवरचा क्रमांक पाहिला, मग बॉनेट उघडून ब्लॉकच्या बाजूची पट्टी वाचली, आणि एखाद्या वैद्याने नाडी सोडावी तसे बॉनेट हलकेच मिटले. "सर, गाडी उत्तम आहे," तो म्हणाला. "पण आत अँबेसेडर आहे." मूळ इंजिन असते तर जी रक्कम मिळाली असती तिच्याहून सुमारे एक-तृतीयांश कमी त्याने सांगितली. फुटलेला का होईना, जुना ब्लॉक जपून ठेवलेला असता तरी फरक बराच भरून निघाला असता, असेही तो बोलून गेला. तेव्हा मामी आत निघून गेल्या. तो ब्लॉक वीस वर्षे शेडच्या कोपऱ्यात पडून होता, आणि १९९५ च्या सुमारास त्यांनीच तो रद्दीबरोबर कुदळवाडीच्या एका भंगारवाल्याला दिला होता.

चालणाऱ्या इंजिनापेक्षा फुटलेले इंजिन अधिक मोलाचे का, हा प्रश्न आम्हांला सोडीना. त्यासाठी आम्ही जे वाचले त्याचा सारांश असा. जुन्या क्रीडामोटारीची किंमत ठरवताना गाहक तिच्या धावण्याला दाम देत नाही; आजची कोणतीही साधी गाडी तिच्याहून चांगली धावते. तो दाम देतो साक्षीला. अमुक दिवशी अमुक कारखान्याच्या दारातून जी वस्तू बाहेर पडली ती हीच, याची साक्ष देणारे जितके अवयव शिल्लक, तितका दाम अधिक. जग्वार ई-टाइपच्या पट्टीवर चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी अशा चौघांचे क्रमांक एकत्र असत. अमेरिकी कॉर्व्हेटच्या ब्लॉकवर पुढे गाडीच्याच क्रमांकाचा अंश ठोकला जाऊ लागला. ड्यूझनबर्ग या अमेरिकी गाडीच्या अभ्यासकांनी तर कमालच केली: ते प्रत्येक गाडी तिच्या इंजिनाच्या क्रमांकाने ओळखतात. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली ड्यूझनबर्ग या पंथात आजही इंजिनाच्या आकड्यानेच उल्लेखिली जाते. नीरेकाठच्या होळ गावावरून पडलेले आडनाव, त्यावर इंदूरची गादी, आणि गाडीची ओळख मात्र पोलादावर ठोकलेला आकडा.

या साक्षीलाही पायऱ्या आहेत. कारखान्यातून आलेले तेच इंजिन असेल तर पूर्ण मान. ते नसले, पण त्याच प्रकारचे व त्याच काळातले असेल, तर थोडा उणेपणा. त्याच कुळातले पण दुसऱ्या कामासाठी घडलेले असेल, जसे मामांचे, तर अधिक उणेपणा. आणि कोठल्यातरी डिझेल गाडीचे, बॉनेट कापून कोंबलेले असेल, तर सर्वांत मोठी घसरण, कारण तेथून परतीची वाट नसते. शिवाय गाडी कोणती यावरही बरेच अवलंबून असते. जिथे इंजिन हीच गाडीची कीर्ती, तिथे ही घसरण खोल. एमजीसारख्या, तुलनेने साध्या आणि विपुल गाडीच्या बाबतीत ती सौम्य. कारण खुद्द इंग्लंडात झिजलेले इंजिन परत देऊन कारखान्याने दुरुस्त केलेले 'गोल्ड सील' इंजिन घेण्याची सोय ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननेच केली होती. निर्मात्यानेच जेथे आपली मूळ प्रत बदलून दिली, तेथे वाचकाने किती रुसावे?

आपल्याकडे तर 'मूळ' हा शब्दच जपून वापरावा लागतो. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई कारखान्यातूनच फियाटची बॉडी आणि निसानचे इंजिन घेऊन बाहेर पडली. कॉन्टेसा या ऐटबाज गाडीच्या पोटात प्रारंभी अँबेसेडरचेच इंजिन होते. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीचे मूळ इंजिन रेनॉचे. म्हणजे उद्या एखाद्याने कॉन्टेसात अँबेसेडरचे इंजिन पाहून नाक मुरडले तर तो चुकेल, आणि एमजीत तेच पाहून मुरडले तर बरोबर ठरेल. मूळपण वस्तूच्या जातीत नसते. ते त्या वस्तूच्या जन्माच्या नोंदीत असते.

कायद्यानेही याच नोंदीचा पक्ष घेतला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींना व चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात; पण अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. चौसष्ट वर्षांच्या त्या गाडीतील इंजिन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे तिच्यात नांदत होते. घरात आलेली सून सत्तेचाळीस वर्षांनीही परकीच, असा हा न्याय आम्हांला वाटला. पण आम्ही मामांचे भाचे. आमचे मत निःपक्षपाती असण्याचे कारण नव्हते.

डबीतली पट्टी आम्ही दलालाला दाखवली ती केवळ कुतूहलाने. त्याचा चेहरा बदलला. एमजीए घडत असताना कारखान्याने ठेवलेल्या नोंदींवरून मूळ चॅसिस आणि इंजिन यांचे क्रमांक देणारे प्रमाणपत्र इंग्लंडातील हेरिटेज ट्रस्टकडून मिळते. ते मागवले तर त्यात हाच आकडा येणार. या कुळातल्या इंजिनांचा क्रमांक ब्लॉकवर थेट ठोकलेला नसतो. रिवेटने बसवलेल्या पट्टीवर असतो. "दोन रिवेट, सर," तो म्हणाला. "वरून हेड एमजीचं, कार्ब्युरेटर एमजीचे, ब्लॉक दिसायला तोच. पट्टी खरी, प्रमाणपत्र खरं, गाडी खरी. यात खोटं काय आहे? पुस्तकाचं मी बघतो."

यात खोटे काय आहे? त्या रात्री आम्ही या प्रश्नाला शरण गेलो. सर्व सामग्री आमच्याजवळ तयार होती. रोलाँ बार्तने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती आम्ही दरवर्षी वर्गात करतो. मूळ नावाची वस्तूच मुळात संशयास्पद, अर्थ वाचकाच्या ठायी, संहिता म्हणजे अनेक संहितांचे विणकाम, हे सारे आम्हांला पाठ आहे. शिवाय पट्टी काही बनावट नव्हती. ती याच गाडीच्या इंजिनावरची होती. आम्ही केवळ एक चिन्ह त्याच्या जुन्या जागी परत नेणार होतो. संग्राहक धनाढ्य होता. मामींना जिन्याच्या तीन पायऱ्या चढवत नव्हत्या. पहाटेपर्यंत आमच्या मनात एक निर्दोष निबंध तयार झाला. समीक्षेचे शिक्षण माणसाला काय काय करू देते, याचा असा अनुभव आम्हांला पूर्वी आला नव्हता, आणि तो सांगताना आजही ओशाळल्यासारखे होते.

सकाळी त्या निबंधाला खीळ बसली ती एका जुन्या खटल्यामुळे. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली कंपनीची शर्यतीची गाडी १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे लागोपाठ ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. नंतर ब्रुकलंड्सच्या मैदानासाठी तिच्यात आठ लिटरचे दुसरेच, मोठे इंजिन बसवण्यात आले. १९३२ मध्ये त्या मैदानावर तिला भीषण अपघात झाला, त्यात चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला, आणि गाडी वेगळ्या बॉडीत पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला तेव्हा घेणारे मागे फिरले: ही ती गाडीच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. विजयी गाडीतील फारच थोडे भाग उरले आहेत हे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले. ही गाडी 'मूळ' म्हणता येणार नाही, पण ती 'अस्सल' आहे, असा त्यांच्या निवाड्याचा आशय होता. कारण बदल एकामागून एक, उघडपणे, गाडीच्या चालू आयुष्यात होत गेले आणि त्या आयुष्याचा धागा कोठेही तुटला नाही. करार ग्राह्य ठरला.

मूळ आणि अस्सल. व्युत्पत्ती पाहिली तर हा भेद टिकू नये. 'अस्सल' हा शब्द ज्या अरबी 'अस्ल'पासून आला त्याचा अर्थ मूळ असाच आहे. परंतु मराठीने या दोन शब्दांना वेगवेगळी कामे दिली. दफ्तरखान्यात अस्सल पत्राच्या विरुद्ध नक्कल असते. मूळ हा काळाचा दाखला आहे आणि अस्सल हा प्रामाणिकपणाचा. एखादी वस्तू मूळ नसून अस्सल असू शकते, आणि मूळ तुकड्यांचा उपयोग करून नक्कलही बनवता येते. दलाल आम्हांला नेमके हेच सुचवत होता. पट्टी मूळ होती. ती दुसऱ्या ब्लॉकवर ठोकली असती तर त्या क्षणी गाडी खोटी झाली असती. पट्टीच्या खरेपणानेच तो खोटेपणा अधिक पक्का केला असता.

ही गोष्ट आम्हांला कोर्टाकडून शिकावी लागली, याची खंत वाटते. कारण पुण्यातच ती शिकण्याची सोय शंभर वर्षांपासून आहे. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे मोठेपण, प्रक्षिप्त श्लोक वगळण्यात आहे असे आपण समजतो. वास्तविक ते वगळलेले श्लोक पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत सांभाळून ठेवण्यात आहे. सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भर घालणाऱ्यांना हाकलले नाही. त्यांना त्यांच्या जागी बसवले. कोणत्या हस्तलिखितात काय आहे हे ज्याला पाहायचे त्याला पाहता येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा आपण शुद्ध केली हेही सांगितले आणि सालही नोंदवले. हात फिरवणाऱ्याने आपला हात लपवला नाही, म्हणून त्या प्रतीवर आपल्याला विश्वास ठेवता येतो आणि शंकाही घेता येते.

नोंदणी-पुस्तकातल्या त्या खोडलेल्या आकड्याकडे आम्ही मग वेगळ्या नजरेने पाहिले. एक रेघ, खाली वाचता येणारा जुना पाठ, शेजारी नवा पाठ, सही आणि शिक्का. मामांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती कधी उघडलीही नसेल. तिची शिस्त त्यांनी पाळली होती.

तरीही निर्णय आमचा नव्हता. त्या गुरुवारी मामेभाऊ घरी होता. चाकणच्या पट्ट्यात इंजिने आणि गाड्या यांचे जन्मस्थान एक असेलच असे नाही. मर्सिडीझच्या गाड्यांची इंजिने २०१६ पासून तेथेच फोर्स मोटर्सच्या कारखान्यात जुळवली जातात आणि मग मर्सिडीझच्या कारखान्यात जातात. आपल्या लाइनवर प्रत्येक ब्लॉकचा क्रमांक यंत्र वाचते, असे मामेभावाने सांगितले. कोणता बोल्ट किती जोराने आवळला, कोणत्या पाळीत, हे सारे त्या आकड्याखाली साठते. "एक आकडा चुकीच्या ब्लॉकला गेला तर सगळी लाइन थांबवतात, दादा," तो म्हणाला, "आणि इथं मीच दोन रिवेट ठोकायचे?" पण लगेच त्याने मामींच्या पायांकडे पाहिले आणि गप्प झाला. हप्त्यांचा आणि शस्त्रक्रियेचा हिशेब त्याच्या खिशातल्या कागदावर होता.

मामी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "ती पट्टी लावली, की हे इंजिन ह्यांनी बसवलं असं कुणाला कळेल का?"

आम्ही म्हणालो, "नाही, मामी. ते कळू नये म्हणूनच लावायची."

"मग अडीच महिने हे रात्री शेडमध्ये काय करत होते?" त्या म्हणाल्या. "मी डबा झाकून बसायचे. ते कुठं जातील?"

आमच्या रात्रभरच्या निबंधात हा प्रश्न कोठेच नव्हता. संग्राहकाची फसवणूक, कायदा, किंमत, सर्वांचा विचार आम्ही केला होता. खोट्या पट्टीखाली पहिला गाडला जाणार तो दुरुस्त करणारा माणूस, हे मात्र आम्हांला दिसले नव्हते. बाजार ज्याला गाडीतले न्यून म्हणतो ते एका फिटरचे आयुष्यातले सर्वांत कठीण काम होते. मूळ इंजिनावर अमुक कारखान्याचा शिक्का असतो. बदललेल्या इंजिनावर कुणाचा शिक्का नसतो, आणि म्हणून त्याचे नाव पुसणे इतके सोपे असते.

गाडी दलालाला दिली नाही. दोन महिन्यांनी कोल्हापूरकडच्या एका शौकिनाने ती घेतली, ती जवळजवळ दलालाने सांगितलेल्याच पडेल किमतीला. विक्रीच्या कागदात इंजिन केव्हा, का आणि कशातून बदलले ते आम्ही सविस्तर लिहिले. पुष्कळ वर्षांनी इतके सरळ गद्य आमच्या हातून उतरले. गाहकाने पट्टीची डबी मागितली, ती दिली. मामांची वही पाहिल्यावर तीही मागितली. मामींनी थोडा विचार करून वही दिली, पण आधी तिच्या सगळ्या पानांची छायाप्रत काढून घ्यायला लावली. म्हणजे अस्सल कोल्हापूरला गेली आणि नक्कल चिंचवडला राहिली.

त्या पैशांत मामींच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यासाठी मामेभावाने कर्ज काढले. ते अजून फिटलेले नाही. दलालाचे ऐकले असते तर ते काढावे लागले नसते, हे आम्ही तिघेही जाणतो आणि त्याविषयी बोलत नाही. कुदळवाडीतील भंगाराच्या दुकानांच्या रांगा महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत पाडल्या. फुटलेला तो ब्लॉक त्याच्या कितीतरी आधी वितळून दुसऱ्या कशाचा तरी भाग झाला असणार. कदाचित आणखी एखाद्या इंजिनाचा. त्यावर आता नवा क्रमांक असेल, आणि तो त्याचाच असेल.